मुरवणे बंदराचा अंगठा

माणसं तुम्ही वाळीत टाकलीत आणि नाव डब्यांचं पुढे केलंत. तुमच्या परवाना ऑफिसाच्या नोटिशीत छान लिहिलंय : 'सदर निर्णय यंत्रणेने स्वयंचलितरीत्या घेतला असून त्यात कोणत्याही व्यक्तीचा हस्तक्षेप नाही.' वाचून हसू आलं. माझ्या पणज्याला गावकीने वाळीत टाकलं, तेव्हा गावकीही असंच म्हणाली होती. आम्ही कोण टाकणारे, देवाने कौल दिला. तेव्हा देव पुढे केला होता, आता यंत्र पुढे केलंय.

मी प्रांजल चोगले. मुरवणे बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत यंत्रणा सांभाळते. म्हणजे बोटी, बर्फाची फॅक्टरी, डिझेलचा पंप, लिलावाचा काटा, या सगळ्यांत जे प्रोग्रॅम चालतात त्यांचे परवाने, नव्या आवृत्त्या आणि सुरक्षा बघते. कॉलेजात शिकले नाही. व्हिडिओ बघून आणि लोकांनी फेकलेली मशिनं उघडून शिकले. बंदरावर मला 'डबेवाली' म्हणतात. तुम्ही मला 'गैरकृत्याची सूत्रधार' म्हटलंय. दोन्ही चालेल.

खुलासा मागितलाय ना? घ्या खुलासा.

आधी डब्याचं सांगते, म्हणजे बाहेरच्या कुणी हे वाचलं तर त्यालाही कळेल. काही वर्षांपूर्वी या किनाऱ्यावरच्या बोटींत एक विषाणू शिरला. संगणकातला. सुकाणू स्वतःच वळवणारी यंत्रं तेव्हा नवी होती, ती त्याने ताब्यात घेतली. बोटी एकमेकींवर नेऊन आपटल्या. माणसं गेली. इलाज पाठवणारा मुख्य सर्व्हर शहरात होता, आणि विषाणूने पहिल्यांदा त्यालाच झोपवला होता.

मग शास्त्रज्ञांनी आपल्या रक्ताकडे बघितलं. रक्तात मुख्य चौकीदार नसतो. पांढऱ्या पेशी शेजारच्या पेशीला चाचपून बघतात आणि परकी वाटली की बाकीच्यांना सांगतात. तसाच हा डबा, 'साक्षी'. प्रत्येक यंत्रात एक. तो आजूबाजूच्या यंत्रांतल्या प्रोग्रॅमचा ठसा घेतो. ठसा म्हणजे काय, तर अख्ख्या प्रोग्रॅमवर गणित करून काढलेला एक छोटा आकडा. प्रोग्रॅममधलं एक अक्षर बदललं तरी आकडा पार बदलतो. आकडा परवान्याशी जुळला तर बोलणं. नाही जुळला तर ते यंत्र 'अमान्य', म्हणजे अबोला. बोटीला जवळ येऊ द्यायचं नाही, तिचा संदेश पुढे न्यायचा नाही, तिच्या इंजिनाला 'हळू चाल' लावायची. आणि जो तिच्याशी अबोला धरणार नाही, त्याच्याशीही अबोला.

हे डबे मी माझ्या हाताने बसवले आणि चांगले बसवले. विषाणू परत आला नाही, हेही खरं. मी खोटं लिहायला बसलेली नाही.

त्यात एक सोय होती. पेशीही कधी चुकते, आपल्याच अंगावर उलटते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होतं. म्हणून अमान्य यंत्रासाठी दुसऱ्या यंत्राच्या मालकाला अंगठा लावता यायचा : याची साक्ष मी देतो. बंदरातल्या निम्म्याहून जास्त यंत्रांच्या मालकांनी अंगठा लावला, तर डबे आपला निकाल मागे घेत. तेवढे होईपर्यंत अंगठा लावणाराही अमान्य. ही सोय कुणी कधी वापरली नव्हती. पहिला अंगठा कोण लावणार?

आता आमचा गुन्हा.

माझा थोरला भाऊ दिगंबर. त्याची 'मथुराई' रंगकामासाठी किनाऱ्यावर ओढलेली होती. शेजारच्या रज्जाकचाचा होडेकरांची 'दर्यानूर' मात्र पाण्यात आणि तिच्या डब्यात खारं पाणी गेलेलं. चाचा दादाच्या अंगणात आले.

"दिगू, डबा दे तुजा. माजा नवा कधी येतोय कोण जाणे."

"न्या की चाचा. घरात पडून काय अंडी घालतोय?"

एवढंच बोलणं झालं. आमच्याकडे जाळं उसनं देतात, नांगर देतात, खलाशी देतात. मासळी लागलेली असताना शेजाऱ्याची बोट नुसती उभी राहिलेली बघवत नाही. डबा दिला त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला विचारलंही नाही, कारण विचारण्यासारखं त्यात होतं काय?

होतं. पूर्वी परवाना मालकाच्या नावाने असायचा. गेल्या नूतनीकरणात तुम्ही तो बोटीच्या सांगाड्याला बांधलात. डब्याने चाचांच्या बोटीत डोळे उघडले, इंजिन निराळं बघितलं आणि स्वतःलाच चोरीचा माल ठरवलं. दर्यानूर अमान्य. मथुराई अमान्य. दिगूदादाच्या घरातला टीव्ही अमान्य, कारण तो मथुराईला हवामान विचारायचा.

दुसऱ्या दिवशी डिझेल पंपाची नळी दादासाठी उघडली नाही, चाचांसाठीही नाही. चाचांची सुरमई लिलावाच्या काट्यावर ठेवली, तर काट्याचा पडदा काळा झाला. बर्फाची फॅक्टरी माझा नवरा महेंद्र चालवतो. दादा चाचांच्या टोपल्या घेऊन दारात उभा, आणि दार हलेना.

"हाताने उघड," मी महेंद्रला म्हटलं.

"हाताने उघडलं तर फॅक्टरीच अमान्य होईल. अख्ख्या बंदराचा माल आत आहे, प्रांजल. तुझा भाऊ म्हणून मी सगळ्यांचा माल सडवू?"

"माझा भाऊ तुझा कोण लागतो?"

"मेव्हणा लागतो. पण ते दाराला कळतंय का?"

मग फोन. फोनही एकमेकांना चाचपतात, तुम्हाला माहीतच आहे. दादाच्या घरी गेलेला माणूस बाहेर आला, की त्याचा फोन बसच्या तिकिटाला अडखळायला लागायचा. लोकांनी युक्ती काढली. चपला दारात काढतात तसा फोन कुंपणाच्या भिंतीवर ठेवायचा आणि मग आत जायचं. पहिल्या आठवड्यात भिंतीवर ओळीने फोन असायचे. मग कमी झाले. मग एकटा माझाच. फोन घरी ठेवून यायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण जायची सवयच मोडली. डब्यांनी अबोला धरायचा होता फक्त यंत्रांशी. माणसांनी तो स्वतःहून पुढे नेला. हे मी माझ्या गावालाही सुनावलंय, तुम्हाला एकट्यांना नाही.

संध्यावहिनी, दादाची बायको, चहा देताना म्हणाली, "आलीस? फोनला विचारून आलीस ना?"

"वहिनी, टोमणे मला मारू नकोस."

"मग कुणाला मारू? बाकी येतंय कोण?"

मी अर्ज केला. डबा उसना दिला होता, चोरी नाही, दोन्ही मालकांची तशी सही. तुमचं उत्तर : 'प्रक्रियेत आहे.' पुन्हा विचारलं. 'प्रक्रियेत आहे.' तुमच्या ऑफिसात फोन केला तर तिथला यंत्राचा आवाज म्हणाला, आपल्या संयमाबद्दल आभारी आहोत. मी संयम दाखवलाच नव्हता.

घरात चूल तर पेटायला हवी. दादा चाचांबरोबर दर्यानूरवर जायला लागला. डिझेल बाहेरून कॅनने आणलेलं, बर्फ नाही, म्हणून लांब नाही, किनाऱ्याच्या कडेकडेने. मिळेल ते पाटीत घालून वहिनी वरच्या वाड्यांत विकायची. इंजिनाला हळू चाल, त्यामुळे वारा फिरला तर पळून येता येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

ऑक्टोबरात वारा फिरला. भर दुपारी. हवामानाचा इशारा सगळ्या बोटींना गेला, दर्यानूरला गेला नाही. अमान्य बोटीला इशारा कसला? जवळच्या बोटी परतून जेटीला लागल्या. मी सोसायटीच्या ऑफिसात कोण आलं, कोण राहिलं ते बघत होते. पडद्याच्या कोपऱ्यात एक रकाना असतो, 'नाकारलेले संदेश'. तो एरवी कुणी बघत नाही. त्यातला आकडा चढत होता. थांबत होता, पुन्हा चढत होता. संदेशात काय आहे ते डबा ठेवत नाही. कुणाचा आहे तेवढं ठेवतो. मथुराईचा डबा.

दादाचा फोनही केव्हाचा अमान्य. म्हणजे दादा त्या डब्यावरून हाका मारत होता. आणि आमची यंत्रं त्या एकेक करून केरात टाकत होती.

कुठल्या बोटींनी हाक नाकारली, तेही दिसत होतं. सगळ्यात जास्त वेळा नाकारली होती 'तारामती'ने. तीच अजून बाहेर होती. मी ती चालवणाऱ्या तांडेलाला, मिलिंदला, फोन लावला.

"मिलिंद, पडद्यावर काय दिसतंय तुला?"

"अडथळा दाखवलान मघाशी. बोट आपसूक वळली. का गो ताई?"

"तो अडथळा म्हणजे माझा दादा आहे. आणि रज्जाकचाचा."

मग त्याने अशी शिवी घातली, की ती मी इथे लिहीत नाही. "सुकाणू माज्या हातात दे!"

"ते अंगठ्यांशिवाय मिळत नाही. पहिला मालकिणीचा हवा."

"मग आयेला शोध!"

तारामतीची मालकीण मिलिंदची आई, दमयंतीमावशी पावसे. बंदरावर तिच्या आवाजाला लिलाववालेही दबतात. तिचं आणि रज्जाकचाचांचं वैर जुनं. जाळ्यावरून. चाचांच्या पंख्यात अडकून तिचं नवंकोरं जाळं फाटलं होतं आणि चाचा म्हणाले होते, जाळंच माझ्या वाटेत आलं.

मी अंगठ्याचं मशीन उचललं आणि जेटीवर धावले. लोक बोटी बांधत होते. मी ओरडून सांगितलं काय झालंय ते. सगळे थांबले. पण हलला कुणी नाही.

"मावशी, मिलिंद त्यांच्या जवळ आहे. तुझा अंगठा लागतोय."

"त्या रज्जाकसाठी?"

"रज्जाकचाचांसाठी आणि माझ्या दादासाठी."

महेंद्रही तिथे आला होता. तो म्हणाला, "मावशी, घाई करू नका. तुमच्या एकटीच्या अंगठ्याने काही होत नाही. उलट तारामतीलाच हळू चाल लागेल. अशा समुद्रात मिलिंद अडकेल."

मावशी माझ्याकडे वळली. "खरं हाय हे?"

मी खोटं बोलू शकले असते. "खरं आहे. निम्म्याहून जास्त अंगठे झाले तरच दोन्ही बोटी सुटतील. नाही झाले तर दोन्ही अडकतील."

मावशीने समुद्राकडे बघितलं. मग जेटीवरच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, सावकाश, लिलावात मासळी बघते तसं.

"रज्जाकला बुडवायचा तर मी बुडवीन," ती म्हणाली. "माजं त्याचं भांडण हाय. या डब्याचं काय हाय त्याच्याशी?" आणि मशीनवर अंगठा दाबला. मशीन लाल झालं. तिकडे तारामतीला हळू चाल लागली. "आता माजा पोरगाही तिथं अडकला. बघू या, कोण कोण घरी जातंय जेवायला."

असा अंगठा मी आयुष्यात बघितला नाही. तुमच्या नोटिशीत 'मालकांवर दबाव आणण्यात आला' असं आहे. आणला. दमयंती पावसेने स्वतःचा मुलगा पणाला लावून आणला. लिहून घ्या.

मग अंगठे यायला लागले. काही लगेच, शिव्या घालत. काही हात मागे बांधून उभे. परशुराम रघुवीर म्हणाला, "प्रांजल, माज्या पोरीचं ठरतंय. पाहुण्यांच्या फोनांनी आमचे फोन नाकारले तर काय सांगू त्यांना?"

"काय सांगायचं ते तू ठरव. मी दादाच्या पोरीला काय सांगू ते तेवढं मला सांग."

तो निघाला. जेटीच्या टोकापर्यंत गेला, परत आला, अंगठा लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाहुणे असले तसले असतील तर आत्ताच कळू दे."

डिझेल पंपवाला आला. काटेवाला आला. निम्म्याच्या पुढे जायला एक अंगठा कमी पडत होता, आणि दाबायचे राहिलेले लोक माझ्यापासून लांब लांब सरकत होते. फोनवर मिलिंद : "ताई, लाटा बाजूने येतायत. लवकर."

मी महेंद्रसमोर मशीन धरलं. बर्फाची फॅक्टरीही एक यंत्र, तिचाही एक अंगठा.

"आतला माल..." तो म्हणाला.

"सडू दे."

"ते तू म्हणू शकतेस. चावी माझ्याकडे आहे. लोकांनी विश्वासाने ठेवलाय माल."

"ज्यांचा माल आहे त्यांनीच अंगठे लावलेत, महेंद्र. बघ मागे."

त्याने बघितलं. हात वर आलाही. मग तो हात त्याने खिशात घातला आणि फॅक्टरीकडे चालू लागला. मी हाक मारली नाही.

"इकडे आण गो ते," मागून कुणीतरी म्हणालं. भिकाजीआण्णा. त्यांची बोट कित्येक वर्षं वाळूत कलंडलेली, फळ्यांतून झुडपं उगवलेली. पण तिच्यावरचा डबा चालू होता, कारण आण्णा दर वर्षी नेमाने परवाना नवा करून घ्यायचे आणि लोक त्यांना हसायचे. मीही हसायचे.

"आण्णा, तुमचा डबा चालू आहे?"

"मग काय? बोट मेली म्हणून मालक मेला?" त्यांनी अंगठा लावला. तो इतका झिजलेला, की मशीनला दिसेना. धोतराला पुसला, पुन्हा लावला. नाही. थुंकी लावून चोळला, तिसऱ्यांदा दाबला.

मशीन हिरवं झालं.

जेटीवरच्या सगळ्या बोटींचे पडदे एकदम पेटले. आणि सगळ्या पडद्यांतून दादाचा आवाज आला. फाटलेला, वाऱ्यात विरणारा : "...कुणी हाय का? कुणी हाय का?" तो तासभर हेच विचारत होता, आणि आम्ही सगळे होतो.

मिलिंदचं सुकाणू सुटलं, इंजिन पूर्ण चाललं. आणखी दोन बोटींनी जेटी सोडली. दर्यानूर वाचली नाही. दोर टाकेपर्यंत ती कंबरेपर्यंत भरली होती. माणसं वाचली. दादाचा हात मोडला. चाचा बरंच पाणी प्यायले होते. तारामती जेटीला लागली तेव्हा ते घोंगडीत गुंडाळलेले, दातखीळ बसल्यासारखे. दमयंतीमावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माजं जाळं कधी भरून देतोस?"

"दमयंती, लुंगी तरी बदलू दे," चाचा म्हणाले. मग रडायला लागले. मावशीने पदर पुढे केला, आणि तरीही म्हणाली, "जाळं सोडणार नाय मी."

महेंद्र आणि मी एकाच घरात राहतो. लोक विचारतात, अजून कशी राहतेस? मी त्याच्याशी बोलते, भांडते, त्याच्या ताटात वाढते. त्या दिवसाबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही आणि तो विषय मी सोडलेलाही नाही. पण अबोला धरणार नाही. ते शिक्षण मला तुमच्याकडून घ्यायचं नाही.

मग तुम्ही जागे झालात. जो अर्ज महिनोन् महिने 'प्रक्रियेत' होता, त्याच्या ऑफिसातून दुसऱ्याच दिवशी गाडी आली. तुमच्या इंजिनिअरने डबे तपासले. विषाणू सापडला नाही, बनावट प्रोग्रॅम सापडला नाही. सापडला फक्त एक उसना डबा. तरी मुरवणे बंदर अख्खं अमान्य. आता शेजारच्या बंदरांचे डबे आमच्याशी बोलत नाहीत, आमची मासळीची गाडी टोलनाक्यावर अडते. बरं. आम्ही खाली उतरून चालत जातो आणि शेजारच्या बंदरांच्या मालकांशी बोलतो. तोंडाने. दोन बंदरांत लोक अंगठ्याचं मशीन कुठे मिळतं ते विचारायला लागलेत.

आणि याच आठवड्यात साक्षीची नवी आवृत्ती आली. सोबतच्या पत्रात लिहिलंय, 'किरकोळ सुधारणा.' मी ती बसवण्याआधी उघडून वाचली, ओळ न् ओळ. किरकोळ सुधारणा एकच आहे. अंगठ्याची सोय काढलीत. अमान्य यंत्राची साक्ष आता कुणालाच देता येणार नाही. एकाला नाही, निम्म्यांना नाही, अख्ख्या बंदराला नाही.

ही आवृत्ती मी बसवलेली नाही आणि बसवणार नाही. माझा परवाना रद्द करा, मला कोर्टात उभी करा, दुसरा माणूस पाठवा. तो जेटीवर आला की दमयंतीमावशी त्याला चहा देईल आणि हीच गोष्ट पहिल्यापासून सांगेल.

तुम्ही माझा खुलासा मागितला होतात, तो झाला. आता माझी पाळी. तुमच्या टेबलावर कुणीतरी बसून ती ओळ खोडली. कुणी खोडली, आणि कोणत्या कारणाने, ते लेखी द्या. आणि आमच्या बंदरातल्या प्रत्येक बोटवाल्याला एक गोष्ट सांगा : पुढच्या वेळी आमचं माणूस बाहेर हाका मारत असेल, तर आम्ही अंगठा कुठे लावायचा?

उत्तर द्या.